'क' जीवनसत्त्व : किती, कशातून आणि जपून कोणी?

हिवाळ्यात आंबिया बहराची संत्री जरीपटक्यातल्या हातगाड्यांवर दिसू लागली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, सर्दी होऊ नये म्हणून 'सी'ची आंबट गोळी घेऊ का?"

बकरी, कुत्रा हे प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते अन्नातूनच मिळवावे लागते. ते पाण्यात विरघळते. जादा झालेले लघवीवाटे निघून जाते, म्हणून ते रोज थोडे थोडे पोटात जावे. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या व हाडे यांना बळकटी देणारे कोलॅजेन तयार होण्यास ते लागते. ते फारच कमी पडले तर हिरड्या सुजून रक्त येते, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील डॉक्टराने संत्री-लिंबांचा यावरील गुण प्रयोगाने दाखवला. मात्र आज हिरड्यांतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण दातांवरचे कीटण हेच असते. त्यासाठी दंतवैद्याकडे जावे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे संत्र्याच्या चार-पाच पट असते. आवळाही असाच समृद्ध. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची गरज निरोगी माणसाला नाही. रोज गोळी घेतल्याने सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर बरी होते. सर्दी झाल्यावर सुरू केल्यास तेवढाही फायदा दिसत नाही. मोठ्या मात्रेने जुलाब होतात आणि मूतखड्याचा धोका वाढतो.

हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. म्हणून भाजी चिरून पाण्यात भिजत ठेवू नये, फार शिजवू नये. लिंबू पोह्यांवर, वरणावर शेवटी पिळावे. धान्य-भाजीतले लोह शरीरात शोषले जाण्यास त्याची मदत होते. पांडुरोग असलेल्या मुलींनी व गरोदर स्त्रियांनी हे लक्षात ठेवावे. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र हा लाभ घालवतो.

आता आपल्या वस्तीसाठी महत्त्वाचे. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आहे. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात लोह साचत जाते. अशा मुलाला 'क'ची गोळी मनाने दिल्यास लोहाचा हृदयावरील घातक परिणाम वाढू शकतो. ती द्यायची की नाही, किती व केव्हा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. तसेच रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. आधी तपासणी करून घ्या. वाहकाचे रक्तही थोडे कमीच भरते, पण त्याला लोहाची कमतरता असतेच असे नाही.

बाकीच्यांनी गोळ्यांचे पैसे वाचवावेत आणि रोज एक पेरू किंवा आवळा खावा.