माशाचें आतडें, आम्लता आणि मीठ

भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पूर्ण झाल्यापासून इंदापूर तालुक्यांत भिगवण-पळसदेवच्या बाजूस मासेमारी जोमानें चालूं लागली. रोहू, कटला, चिलापी हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं सहज येतात. बारामतीकडील कांहीं पालकांनीं शेततळ्यांतही मत्स्यबीज सोडलें आहे. म्हणून माशाच्या पोटांतील एका व्यवहाराविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

गोड्या पाण्यांत मीठ फार थोडें. माशाच्या रक्तांत त्याहून पुष्कळ अधिक. त्यामुळें पाणी अंगांत सारखें शिरतें व क्षार बाहेर पाझरतात. मासा जादा पाणी पातळ लघवीवाटे टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांतून व अन्नांतून परत मिळवितो. समुद्रांतील माशाची अवस्था नेमकी उलट. तो खारें पाणी पितो, ही गोष्ट होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३० सालीं दाखवून दिली. त्याच्या आतड्यानें मीठ शोषलें, कीं मागोमाग पाणी शरीरांत येतें. मीठ न शोषेल तर तो समुद्रांत राहून तहानेनें मरेल!

हें आतडें क्लोराइड आंत घेतांना बदल्यांत बायकार्बोनेट बाहेर टाकतें. गांवच्या बाजारांत धान्य देऊन मीठ घ्यावें, तसा हा सौदा. बायकार्बोनेटामुळें आतड्यांतील रस अल्कधर्मी राहतो व पाण्यांतील चुन्याचा अंश खडूसारखा खालीं बसतो. फ्लाउंडर नांवाच्या चपट्या समुद्रमाशाच्या आतड्याचा तुकडा काढून शास्त्रज्ञांनीं तो द्रावणांत ठेविला. द्रावणाची आम्लता वाढवितांच क्लोराइडाचें शोषण घटलें. नवल असें, कीं उंदराच्या आतड्यांत आम्लतेनें मिठाचें शोषण उलट वाढतें. एका प्राण्यावरून दुसऱ्याचें अनुमान करणाऱ्यांनीं येथें थोडें थांबावें.

आपल्या तळ्यांतील माशांतही भेद आहेतच. चिलापीच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें, कीं शेवाळाच्या पेशींचीं आवरणें त्यांत फुटतात. रोहू-कटल्यांस तर जठरच नसतें. मुलांनो, घरीं रोहू कापतांना पहा : गुंडाळलेलें लांबलचक आतडें दिसेल, जठराची पिशवी सांपडणार नाहीं.

आतां पालकांस एक विनंती. फार आम्ल पाण्यांत कल्ल्यांतून सोडियम गळून मासा मरतो, हें खरें. परंतु एवढेंच ऐकून कोणी तळ्यांत पोत्यानें चुना ओतील, तर कर्ज काढून सोडलेलें बीज हातचें जाईल. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीवरील पाणी बहुधा मुळांतच अल्कधर्मी असतें. दिवसा शेवाळ पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतें, त्यामुळें दुपारीं सामू आणखी चढतो. आणि सामू चढला, कीं माशांच्याच अंगांतून निघणारा अमोनिया अधिक विषारी होतो. तेव्हां आधीं सामू दाखविणारा कागद पहांटे एकदां व दुपारीं एकदां बुडवून पाहावा. हें काम दहावींतल्या मुलाला किंवा मुलीला सहज जमेल. दोन्ही वेळचे आंकडे वहींत मांडून आठवड्यानें वर्गांत आणावे. आम्ही ते मुलांबरोबर बसून पाहूं.