खाद्यगाडी घेण्यापूर्वी जागेचा कागद पाहा

जुना टेम्पो घ्यावा, त्यात शेगडी बसवावी आणि फिरते हॉटेल सुरू करावे, हा विचार आपले अनेक तरुण करीत आहेत. पागडी नाही, दुकानभाडे नाही, गिऱ्हाईक असेल तेथे गाडी न्यावी. हिशोब चुकीचा नाही, चुकतो तो क्रम. आधी गाडी, मग वेल्डिंग, मग भांडी, आणि परवानगीचा विचार सर्वांत शेवटी. तोवर घरातले दागिने गहाण पडलेले असतात.

उदाहरणासाठी सिद्धेश्वर घेऊ. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाते. धरणाजवळ चहा-भजी किंवा बिर्याणीची गाडी लावावी असे कोणाच्याही मनात येईल. परंतु त्यासाठी तीन दारे ठोठवावी लागतात, आणि एका दाराचा कागद दुसऱ्या दारी चालत नाही.

पहिले दार अन्नसुरक्षेचे. 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार लहान खाद्यविक्रेत्याला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी मात्र लागते. 2011 च्या नियमावलीने त्यासाठी वार्षिक 12 लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला 100 रुपये शुल्क ठरविले होते. हे आकडे बदलू शकतात, म्हणून अर्ज भरतेवेळी ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवरचा चालू आकडा पाहावा. नोंदणीचा क्रमांक 14 अंकी असतो. हे काम घरबसल्या होते, आणि सोपे असल्यामुळेच घोटाळा होतो. क्रमांक मिळाला म्हणजे धंद्याचा परवाना मिळाला, आता गाडी कोठेही लावू, असे लोक समजतात. तो क्रमांक अन्नापुरता आहे. रस्त्याच्या एका फुटावरही तो हक्क देत नाही.

दुसरे दार आर.टी.ओ.चे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणून बॉडी कापण्यापूर्वी वेल्डरचा आराखडा घेऊन आर.टी.ओ.त जावे आणि काय चालेल ते विचारावे. गाडी व्यवसायाची असल्याने फिटनेस प्रमाणपत्रही लागते.

तिसरे दार जागेचे. खरी गोम येथेच आहे.

पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे आणि तो चांगला आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हुसकावता येत नाही. हलवायचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. नगर विक्री समितीत 40 टक्के सदस्य पथविक्रेते असावे लागतात. परंतु हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, छावणी यांच्या हद्दीसाठी आहे. हिंगोली शहरात किंवा औंढा नागनाथ येथे त्याचा आधार घेता येईल. सिद्धेश्वरला ग्रामपंचायत आहे, तेथे ही ढाल नाही.

म्हणून गावात जमिनीचा मालक कोण, हाच मुख्य प्रश्न. गावातील रस्ता व मोकळी जागा ग्रामपंचायतीकडे. तेथील अडथळा व अतिक्रमण हटविण्याचा अधिकार तिला 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 ने दिला आहे. धरणाच्या संपादित जमिनीसाठी जलसंपदा विभाग. मोठ्या रस्त्याची बाजू सार्वजनिक बांधकाम विभागाची असू शकते. सरपंचांनी ‘लाव गाडी’ म्हटले, पण जागा जलसंपदेची निघाली, तर तो शब्द कामाचा नाही. बाजाराच्या दिवशी फाडलेली पावतीही त्या दिवसाच्या फीची असते. वर्षभराचा हक्क तिच्यातून निघत नाही. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. सही मिळायला महिने लागले तरी हरकत नाही, तोवर आपला पैसा आपल्या खिशात असतो.

खाजगी जागा मिळाली तर सर्वांत बरे. मात्र करार लेखी असावा, सातबारा पाहून मालकाशीच करावा, सामायिक जमीन असल्यास सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. शेतजमीन असेल तर तिच्या व्यापारी वापराबद्दल तहसील कार्यालयात आधी विचारावे.

गॅसबद्दल थोडे. घरगुती 14.2 किलोची लाल टाकी धंद्यात वापरता येत नाही. व्यावसायिक 19 किलोची घ्यावी. ती महाग पडते, म्हणून अनेकजण घरची टाकी गाडीत ठेवतात. तपासणीत टाकी तर जातेच. पण आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच पाहील की टाकी कोणती होती आणि गाडीतला बदल पुस्तकात नोंदलेला होता की नाही.