बंद घरांतील पिल्लूं

मे महिन्याच्या सुटींत पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं एक नवा जीव येतो. परीक्षेचा निकाल चांगला लागला म्हणून म्हणा, वाढदिवसाची भेट म्हणून म्हणा, अथवा मुलांच्या हट्टापुढें आईबापांचें कांहीं चाललें नाहीं म्हणून म्हणा, टोपलींतून कुत्र्याचें पिल्लूं घरांत येतें. पुढील महिना-दीड महिना त्याच्यासारखें भाग्यवान त्रिभुवनांत कोणी नसतें. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्याभोंवतीं कोणी ना कोणी असतेंच. निजावयाचें तेंही कोणाच्या तरी मांडीवर. मग जून उजाडतो. शाळा उघडते, आईबाप कामावर जातात, आणि ज्या पिल्लाला जन्मल्यापासून क्षणभरही एकटेपणा ठाऊक नाहीं, तें एके दिवशीं अकरा वाजतां बंद दाराकडे पाहात बसतें. श्रावण लागेपर्यंत त्यांतील कांहीं पिल्लें ‘फार त्रास देतें’ या सबबीवर दुसऱ्यांच्या घरीं जातात, आणि कांहीं रस्त्यावर येतात. या गोष्टीचा विचार जूनमध्यें न करितां पिल्लूं आणण्यापूर्वींच व्हावा, एवढ्यासाठीं हे चार शब्द.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं हा प्रश्न उद्भवत नसे. वाड्यांत आजी असे, एखादी आत्या असे, दार दिवसभर उघडें असे. कुत्रें ओट्यावर पडे. कंटाळलें कीं गल्लींत एक फेरी मारून येई. कुत्र्याला एकटें राहावयास शिकवावें लागतें असें कोणी त्या मंडळींस सांगितलें असतें, तर त्यांना हंसूंच आलें असतें. आज शहरांतील कुटुंब तिघा-चौघांचें, घर तिसऱ्या मजल्यावरचें, आणि दार ओढून घेतलें कीं आपोआप लागणारें. २०२० सालच्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली तेव्हां माणसें घरांत कोंडलीं गेलीं व अनेकांनीं कुत्रीं पाळलीं. कचेऱ्या पुन्हां सुरू झाल्या तेव्हां त्या कुत्र्यांवर हाच प्रसंग आला. आपली मे महिन्याची सुटी ही त्याचीच लहान आवृत्ति होय.

कुत्रा हा मुळांतच सोबतीनें राहणारा प्राणी आहे. अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर येथें जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला व १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांतून असें दिसून आलें कीं, साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाच्या घडणीस फार महत्त्वाचा असतो. या काळांत जें भेटतें तें त्याला आपलें वाटतें, आणि जें कधीं भेटलेंच नाहीं त्याची पुढें भीति वाटते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लूं विकूं नये असा नियम भारत सरकारनें २०१७ सालीं केला, तो याच दृष्टीनें योग्य आहे. तोंपर्यंत आई व भावंडें हीच त्याची शाळा. म्हणजे पिल्लूं आपल्याकडे येतें तें आईपासून नुकतेंच तुटलेलें, व अद्याप शिकत असलेलें.

आतां थोडें गणित करूं. पिल्लाला लघवी किती वेळ आवरतां येते, याचा एक ढोबळ ठोकताळा आहे: वय जितके महिने, त्यांत एक मिळवावा, तितके तास. दोन महिन्यांचें पिल्लूं फार तर तीन तास, तीन महिन्यांचें चार तास. मे महिन्याच्या आरंभीं दोन महिन्यांचें पिल्लूं आणलें, तर १५ जूनच्या सुमारास तें साडेतीन महिन्यांचें होईल. म्हणजे साडेचार तास. शाळेंत जाणारा मुलगा अकराला निघून साडेपांचला परततो, म्हणजे साडेसहा तास. दोन तासांची तूट पडली, आणि ती भरून काढण्यास पिल्लाजवळ कोणताही उपाय नाहीं. तें फरशी ओली करील, आणि संध्याकाळीं त्याबद्दल मार खाईल. शिवाय या वयांत त्याला दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें अन्न लागतें, तेव्हां दुपारचें एक जेवणही चुकतें. यावरून इतकें निश्चित होतें कीं, पहिले चार-पांच महिने दुपारीं निदान एकदां कोणीतरी दार उघडून आंत आलेंच पाहिजे. शेजारच्या निवृत्त आजोबांना विचारावें, कामाच्या बाईंना थोडे अधिक पैसे देऊन अर्धा तास मागून घ्यावा, अथवा आईबापांनीं जेवणाची सुटी आळीपाळीनें घरीं काढावी. यांपैकीं एकही जमण्यासारखें नसेल, तर पिल्लूं आणूं नये, हें माझें स्पष्ट मत आहे.

एकटें राहणें ही पिल्लाला शिकवावयाची विद्या आहे, आणि तिचा श्रीगणेशा मे महिन्यांतच केला पाहिजे. रीत सोपी आहे. चिकाटी मात्र हवी. पिल्लूं खाऊनपिऊन, खेळून दमलें असतां त्याला त्याच्या जागीं ठेवून दुसऱ्या खोलींत जावें, दहा अंक मोजावे, परत यावें. उद्यां एक मिनिट, परवां दोन, मग पांच. तें रडूं लागण्यापूर्वींच परतावें, कारण तो अवधि सोसणें त्याला साधलें एवढेंच त्यांतून त्याला कळावयास हवें. अर्धा तास निघाला म्हणजे अवघड भाग बहुतेक संपला. एकटेपणाची तगमग बहुधा पहिल्या अर्ध्या तासांतच सर्वांत तीव्र असते. त्यापुढील वाढ मोठ्या टप्प्यांनीं करितां येते. मुलांना यांत एक फार चांगलें काम देतां येतें: वहीवर तारखा घालून रोजची मिनिटें त्यांनीं लिहून ठेवावीं.

येथें पाव्हलॉव्ह यांची आठवण होते. इव्हान पाव्हलॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. अन्न येण्यापूर्वीं नेहमीं जी खूण होते, त्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें त्यांनीं दाखविलें. आपल्या घरींही हाच नियम चालतो, फक्त उलट्या दिशेनें. किल्ल्यांचा आवाज, बुटांची नाडी, दप्तराची चेन, हीं सारीं ‘आतां सगळे जाणार’ याचीं लक्षणें होतात, आणि कोणी उंबरठा ओलांडण्यापूर्वींच पिल्लाच्या उरांत धडधड सुरू होते. यास्तव जूनच्या पहिल्या आठवड्यांत रोज दोन-तीन वेळां गणवेश चढवावा, दप्तर पाठीला लावावें, किल्ल्या वाजवाव्या, आणि खुशाल खुर्चीवर बसून पुस्तक वाचावें. थोड्याच दिवसांत त्या खुणांतील विष उतरतें. निघतांना गळ्यांत पडून निरोप घेण्याची जी चाल आहे, तिनें प्रेम व्यक्त होतें खरें, पण पिल्लाचें भय वाढतें. जावें तें सहज, यावें तेंही सहज.

जागेविषयीं. गॅलरी सोयीची दिसते, परंतु पश्चिमेकडची गॅलरी ऑक्टोबरच्या दुपारीं भट्टी होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. तें मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंगांतील उष्णता घालवितें. त्यापेक्षां घरांतील सावलीचा, वारा खेळता असा कोपरा बरा, आणि पाणी लवंडणार नाहीं अशा जड भांड्यांत. पिंजरा रात्रीं किंवा तासा-दोन तासांपुरता ठीक. दिवसभर त्यांत कोंडणें ही शिक्षाच. पिल्लाचे दुधाचे दांत २८. सुमारें चौथ्या महिन्यापासून ते पडूं लागतात व सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दांत येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात आणि जें दिसेल तें चावावेंसें वाटतें. म्हणून विजेच्या तारा, फिनेलाची बाटली, औषधें, चपला उंचावर ठेवाव्या. चॉकलेट, मनुका, द्राक्षें, कांदा-लसूण हे त्याला विषासमान आहेत. रविवारच्या मटणाचीं शिजलेलीं हाडें प्रेमानें पुढें टाकणारे पुष्कळ आहेत. तीं फुटून टोंकदार होतात व आंतडें फाडतात. त्याऐवजीं आंत खाऊ भरतां येईल असा जाड रबराचा पोकळ गोळा द्यावा. तो फक्त आपण बाहेर पडतांनाच हातीं लागतो असें झालें, म्हणजे जाण्याची ती घटकाही त्याला अगदींच वाईट वाटत नाहीं.

संध्याकाळीं घरीं यावें तों उशी फाडलेली, कापूस सर्वत्र, आणि पिल्लूं कान पाडून, मान वळवून कोपऱ्यांत. ‘पाहा, याला आपली चूक कळते!’ असें आपण म्हणतों. या समजुतीची परीक्षा न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनीं चौदा कुत्र्यांवर केली. निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. मालकानें एक खाऊ खाण्यास मनाई करून खोलीबाहेर जावयाचें. मागाहून कांहीं कुत्र्यांनीं तो खाल्ला, कांहींनीं नाहीं. परंतु मालकाला सांगितलें जाई तें प्रत्येक वेळीं खरेंच असे असें नाहीं. तेव्हां आढळलें असें कीं, तो अपराधी चेहरा कुत्र्याच्या कृत्यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला म्हणजे तो दिसे, कुत्रा निर्दोष असला तरी. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतों, तो आपल्याच क्रोधाला दिलेला भेदरलेला जबाब असतो. सहा तासांपूर्वीं फाडलेल्या उशीबद्दल आतां मारलें, तर पिल्लूं एवढेंच शिकतें कीं, माणसें घरीं येणें ही भयंकर गोष्ट आहे. मग दुसऱ्या दिवशींचा एकटेपणा दुप्पट कठीण.

नासधुशीचेही प्रकार असतात, आणि ते ओळखतां आले पाहिजेत. इकडची चप्पल, तिकडचें वर्तमानपत्र असें विखुरलेलें नुकसान असेल, तर तो बहुधा कंटाळा. सकाळीं अधिक फिरविणें व चावावयास योग्य वस्तु देणें एवढ्यानें भागतें. (लसींची मालिका सुमारें सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, ती पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर न नेतां घरांतच खेळवावें.) परंतु ओरखडे दाराशींच असतील, लाळेनें जमीन भिजली असेल, आवडीचा खाऊही तसाच पडला असेल, तर तें खरें भय होय. जुना मोबाइल कपाटावर ठेवून पहिल्या अर्ध्या तासाचें चित्रण केलें, तर सर्व उलगडा होतो. अशा वेळीं पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. या विकारावर औषधेंही आहेत; शिक्षणाच्या जोडीनें दिलीं असतां त्यांचा उपयोग होतो.

मोठें झालेलें, नीट शिकविलेलें कुत्रें तरी किती वेळ एकटें राहूं शकतें? स्वीडनमधील रेन व कीलिंग यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास व चार तास घरीं एकटें ठेवून पाहिलें. दोन तासांनंतर मालक परतला तेव्हां स्वागत अर्ध्या तासानंतरच्यापेक्षां कितीतरी जोराचें होतें. आपण गेलों हें कुत्र्याला कळतें, आणि किती वेळ गेलों याचाही त्याच्यावर परिणाम होतो. आपल्या देशांत १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचें अकरावें कलम पाहावें. नेहमीं साखळीला बांधलेल्या अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणें, हा त्यांत मालकाचा अपराध मानला आहे. हें कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. विसाव्याच्या दिवसाविषयींच्या आज्ञेंत घरच्या जनावरांचाही समावेश आहे, हेंही आपण रविवारच्या शाळेंत पाठ म्हणतों, पण घरीं येऊन विसरतों.

एकट्याला सोबत म्हणून दोन पिल्लें आणावीं असें कांहीं सुचवितात. दोन पिल्लें म्हणजे दुप्पट खर्च, दुप्पट लस, आणि बहुधा दोघेही अशिक्षित. कारण तीं एकमेकांतच गुंततात. ज्या घरीं दिवसभर कोणी नसतें, त्यांनीं दोन-तीन वर्षांचें पूर्ण वाढलेलें कुत्रें घ्यावें असें मला वाटतें. प्राण्यांच्या आश्रयस्थानांत अशीं गांवठी कुत्रीं पुष्कळ असतात; त्यांचा स्वभाव ठरलेला असतो, लघवीचा संयम असतो, दांत येऊन गेलेले असतात. ज्यांच्या घरीं पिल्लूं आधींच आलें आहे, त्यांनीं आजच वही उघडावी, पहिल्या ओळींत तारीख घालावी, आणि पुढें लिहावें: दहा अंक.