उघड्या खिडक्यांमधील वाट : कळफलकाच्या साहाय्याने संगणकावरील कामांची अदलाबदल

संगणक येणे म्हणजे टंकलेखन येणे, असा समज आपल्याकडे अजून दृढ आहे. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग गाठला की पालक निश्चिंत होतात. हा वेग उपयोगाचा आहेच. परंतु कार्यालयातील काम सहसा एका विंडोत पूर्ण होत नाही. एका विंडोत अर्ज उघडलेला असतो, दुसरीत जुनी नोंद असते, तिसरीत पत्राचा मसुदा असतो आणि चौथीत ईमेल. या चार ठिकाणी सतत ये-जा करावी लागते. ज्याच्या घरी लहानपणापासून संगणक आहे, त्याला ही ये-जा न शिकवता येते. ज्या मुलाचा संगणकाशी पहिला परिचय शाळेच्या प्रयोगशाळेत, आठवड्यातून दोन तासिकांपुरता झाला, त्याला ती कोणी मुद्दाम शिकवावी लागते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दोघे शेजारी बसतात, तेव्हा हा फरक बुद्धीचा वाटू लागतो. वस्तुतः तो केवळ सरावाचा असतो आणि सराव देता येतो. म्हणून हा छोटा पाठ.

थोडा इतिहास

संगणकाच्या पडद्यावरील चौकटीला ‘विंडो’ म्हणजे खिडकी हे नाव फार पूर्वीच मिळाले. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. एकावर एक ठेवलेल्या कागदांसारख्या चौकटी पडद्यावर दाखवण्याची कल्पना त्याच केंद्रात आकाराला आली. मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यातील विंडो फरशांप्रमाणे शेजारी शेजारी मांडल्या जात. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या. एक विंडो दुसरीवर आली की खालची झाकली जाते. मग झाकलेलीपर्यंत पोहोचण्याची वाट हवी. पडद्याच्या तळाशी दिसणारा टास्कबार १९९५ मध्ये आला, तोही याच गरजेतून.

ज्या टॅब कळीचा आपण उपयोग करणार आहोत, ती टंकलेखन यंत्राचा वारसा आहे. तक्ते टंकित करताना आकडे एकाखाली एक यावेत म्हणून यंत्राचा गाडा ठरावीक जागी नेणारी ती कळ होती. ऑल्ट म्हणजे ‘पर्यायी’. ही कळ दाबून धरली की दुसऱ्या कळीचा अर्थ बदलतो.

मूळ कृती

१. डाव्या हाताच्या अंगठ्याने ऑल्ट कळ दाबून धरावी.
२. ती न सोडता टॅब कळ एकदा दाबून सोडावी. उघड्या विंडोंची छोटी चित्रे पडद्यावर दिसतात.
३. टॅब पुन्हा दाबली की निवड पुढच्या चित्रावर सरकते. ऑल्टसोबत शिफ्टही धरली तर ती मागे सरकते.
४. हव्या त्या चित्रावर आल्यावर ऑल्ट सोडावी. ती विंडो समोर येते.
५. विचार बदलला तर ऑल्ट सोडण्यापूर्वी एस्केप दाबावी. आपण होतो तेथेच राहतो.

नवशिक्या विद्यार्थी बहुधा दुसऱ्या पायरीवर अडखळतो. तो दोन्ही कळा एकदम सोडतो आणि ‘चित्रे दिसलीच नाहीत’ अशी तक्रार करतो. ऑल्ट धरून ठेवणे हेच या कृतीचे मर्म आहे.

यादीचा क्रम समजून घ्या

पुष्कळ जण येथपर्यंत शिकतात आणि थोड्याच दिवसांत कंटाळून पुन्हा माउसकडे वळतात. त्यांच्या मते चित्रांची यादी ‘सारखी बदलते’. ती बदलते हे खरे, पण तिला नियम आहे : सर्वांत अलीकडे वापरलेली विंडो सर्वांत पुढे.

एक उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी शिक्षणाच्या हक्कावर निबंध लिहीत आहे. संविधानातील अनुच्छेद २१ क, जो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला आणि ज्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, तो तिला मुळातून वाचायचा आहे. तिने तीन विंडो उघडल्या आहेत : निबंध, संविधान आणि शब्दकोश. ती निबंधात आहे आणि यादीचा क्रमही हाच आहे.

तिने ऑल्ट धरून टॅब एकदा दाबली. संविधान समोर आले. वाचून पुन्हा एकदाच दाबली. निबंध परत आला. दोन विंडोंमध्ये ये-जा करण्यास दर वेळी एकच टॅब पुरते. आता तिला शब्दकोश हवा आहे. तो यादीत तिसरा आहे, म्हणून टॅब दोनदा दाबावी लागेल. शब्द पाहून ती एका टॅबने निबंधात परतली. या वेळी क्रम झाला निबंध, शब्दकोश, संविधान. म्हणजे संविधानासाठी आता दोन टॅब लागतील.

टेबलावरील कागदांच्या गठ्ठ्यातून आपण हवा तो कागद काढून वर ठेवतो, तसेच हे आहे. हा नियम एकदा उमगला की डोळे यादी शोधत नाहीत. बोटांनाच संख्या ठाऊक असते. मोबाईलवरील अलीकडे वापरलेल्या ॲपची यादीही साधारण याच तत्त्वावर चालते. त्यामुळे ज्या पालकांनी संगणक हाताळलेला नाही, त्यांनाही ही कल्पना परकी वाटू नये.

सोबतच्या काही उपयुक्त जोड्या

• विंडोज कळ आणि १, २, ३ इत्यादी अंक : टास्कबारवरील त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम समोर येतो. रोजचे प्रोग्रॅम टास्कबारवर पक्के करून ठेवले तर हा क्रम बदलत नाही.
• कंट्रोल आणि टॅब : एकाच ब्राउझरमधील टॅबांमध्ये पुढे जाण्यासाठी. शिफ्ट जोडल्यास मागे.
• विंडोज कळ आणि डावा किंवा उजवा बाण : विंडो अर्ध्या पडद्यावर बसते. मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी ठेवून पडताळण्यास हे उत्तम.
• विंडोज कळ आणि डी : सर्व विंडो बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, पुन्हा दाबल्यास त्या परत येतात.
• विंडोज कळ आणि स्पेस : मराठी व इंग्रजी कळफलकांची अदलाबदल.

ॲपलच्या मॅक संगणकावर ऑल्टऐवजी कमांड कळ धरून टॅब दाबतात. तेथे निवड विंडोंची नसून प्रोग्रॅमांची होते. उबंटूसारख्या लिनक्स प्रणालीत ऑल्ट-टॅबच चालते.

ज्यांना माउस वापरता येत नाही

दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावरील माउसचा बाण दिसत नाही. कळफलक हाच तिचा मार्ग. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. ते सुरू असताना ऑल्ट-टॅब दाबली की निवडलेल्या विंडोचे नाव ऐकू येते. ज्यांना दोन कळा एकत्र धरणे कठीण जाते, त्यांच्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब एकदाच एकत्र दाबण्याची सोय आहे. मग यादी पडद्यावर थांबून राहते. बाणांच्या कळांनी निवड करून एंटर दाबावे. शिफ्ट कळ ओळीने पाच वेळा दाबली असता ‘स्टिकी कीज’ ही सुविधा सुरू करण्याविषयी विचारणा होते. तीत कळा एकामागून एक दाबल्या तरी एकत्र दाबल्यासारखे काम होते. संगणक शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे जाणून घ्यावे.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट परीक्षेची. अनेक संगणकाधारित परीक्षांत परीक्षेची विंडो सोडून दुसरीकडे जाणे बंद केलेले असते किंवा त्याची नोंद घेतली जाते. सवयीने दाबलेली ऑल्ट-टॅबही गैरप्रकार समजली जाऊ शकते. परीक्षेत या कळांना हात लावू नये आणि सूचना आधी वाचाव्यात.

दुसरी गोष्ट सार्वजनिक संगणकाची. आपली मुले महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज पुष्कळदा सायबर कॅफेत भरतात. आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला अशी माहिती उघडलेली विंडो इतर विंडोंच्या मागे तशीच राहते आणि मूल उठून निघून जाते. निघण्यापूर्वी ऑल्ट-टॅब दाबून काय काय उघडे आहे ते पाहावे. प्रत्येक ठिकाणी प्रथम लॉगआउट करावे आणि मगच विंडो बंद करावी. केवळ विंडो बंद केल्याने लॉगआउट होतेच असे नाही. डाउनलोड केलेले दाखलेही तेथून काढून टाकावेत.

तिसरी गोष्ट ऑल्ट आणि एफ-४ या जोडीची. ती समोरची विंडो बंद करते. काम जतन करण्यासाठी कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय आधी लावावी.

सराव कसा करावा

एकाच दिवशी सर्व जोड्या पाठ करू नयेत. पहिल्या आठवड्यात केवळ ऑल्ट-टॅब, दोनच विंडो उघडून. एका विंडोतील परिच्छेद वाचून दुसरीत आपल्या शब्दांत सारांश लिहावा. येथे वाचन, लेखन आणि सराव तिन्ही साधतात. दुसऱ्या आठवड्यात तिसरी विंडो वाढवावी. त्यानंतर अंकांची आणि बाणांची जोडी घ्यावी. दररोज पंधरा मिनिटे पुरेत.

जे माजी विद्यार्थी आज कार्यालयांत, बँकांत आणि शाळांत काम करीत आहेत, त्यांना विनंती आहे की सुट्टीत गावी आल्यावर एखाद्या मुलाशेजारी अर्धा तास बसावे. आपले बोट कळफलकावर कसे चालते ते त्याला दाखवावे आणि मग आपला हात मागे घेऊन त्याच्या हाताला चालू द्यावे. त्याच्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तो अर्धा तास त्याच्या कामी येईल.