तुमच्या रिसॉर्टमधली एक रूम व्हीलचेअरसाठी कशी तयार करायची?

व्हिडिओत आपण होमस्टेच्या बुकिंगबद्दल बोललो. आज त्यातलाच एक मुद्दा सविस्तर पाहू, कारण अलिबाग, दापोली, तारकर्लीला चार-सहा खोल्या चालवणारे बरेच जण इथे चुकतात.

व्हीलचेअर वापरणाऱ्या आजींना घेऊन पुण्याहून एक कुटुंब निघतं. वेबसाइटवर ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ लिहिलेलं असतं. सहा तास प्रवास करून पोचल्यावर कळतं की खुर्ची बाथरूमच्या दारातून आतच जात नाही. आता दोन दिवस आजींनी काय करायचं? आणि तुमच्याबद्दल ते चार लोकांना काय सांगतील?

ग्राहक कोण आहे?
२०११ च्या जनगणनेत चालण्या-हालचालीचं अपंगत्व असलेले सुमारे ५४ लाख लोक नोंदले गेले. गुडघे दुखणारे, ऑपरेशनमधून उठलेले ज्येष्ठ वेगळेच. असा पाहुणा सहसा एकटा येत नाही. पाच जणांच्या सहलीचं ठिकाण त्या एकाच्या सोयीवर ठरतं. म्हणजे एका रूमच्या सोयीमुळे दोन रूमचं बुकिंग मिळू शकतं.

आधी टेप हातात घ्या
साधी व्हीलचेअर साधारण २४ ते २७ इंच रुंद असते. आता ही सहा मापं घ्या:

१. बाथरूमचं दार: पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा. चौकट ३० इंची असली तरी दाराची जाडी आत येते आणि जागा कमी होते. नवीन काम असेल तर ३६ इंच मोकळे ठेवा.
२. उंबरठा आणि पायऱ्या: उताराचं गणित १ ला १२. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट रॅम्प लागतो. दोन फुटांची फळी टाकली तर खुर्ची मागे उलटू शकते.
३. खुर्ची वळायला जागा: साधारण पाच फूट बाय पाच फूट.
४. पलंगाची उंची: खुर्चीच्या बैठकीएवढी, १८ ते २० इंच. एका बाजूला तीन फूट मोकळी जागा हवी.
५. कमोड: जमिनीपासून उंची किती आणि शेजारी खुर्ची लावायला जागा किती.
६. गाडी थांबते तिथून रूमपर्यंतचा रस्ता: खडी आहे की फरशी?

कमी खर्चात काय होईल?
बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. कमोडजवळ आणि शॉवरखाली भिंतीत पक्के दांडे बसवा, टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. आंघोळीला पक्की प्लास्टिक खुर्ची आणि हँड शॉवर ठेवा. गुळगुळीत लादी असेल तर खरबरीत बसवून घ्या.

जाहिरातीत मापं लिहा
‘व्हीलचेअर फ्रेंडली’ एवढंच लिहू नका. असं लिहा: “रूम नं. १, तळमजला. बाथरूमचं दार ३२ इंच मोकळं. कमोडच्या उजव्या बाजूला दांडा. जेवणघराला एक पायरी, लाकडी रॅम्प आहे. बीचवर वाळू आहे, खुर्ची जात नाही.” सोबत दाराला टेप लावलेला फोटो टाका. जे नाही तेही लिहायचं. विश्वास तिथेच बसतो.

ती रूम राखून ठेवा
अमेरिकेत एडीए कायद्याच्या नियमांनुसार मार्च २०१२ पासून हॉटेलांना बुकिंगच्या वेळीच अशा सोयींची पुरेशी माहिती द्यावी लागते, आणि बुक झालेली तीच रूम त्या पाहुण्यासाठी राखावी लागते. आपण ही पद्धत उचलू शकतो. त्या प्रकारच्या बाकीच्या रूम आधी भरा, ही शेवटी. बुकिंग झालं की मेसेजमध्ये रूम नंबर लिहून द्या. ऐनवेळी “तशीच दुसरी रूम देतो” हे इथे चालत नाही.

अजून रिसॉर्ट नाही?
तरी धंदा आहे. आपल्या तालुक्यातल्या रिसॉर्टमध्ये जाऊन मापं आणि फोटो घ्या, खात्रीची यादी बनवा आणि कुटुंबांना सहल बुक करून द्या. भांडवल म्हणजे टेप, मोबाइल आणि खरेपणा.

या आठवड्याचा गृहपाठ: सहा मापं वहीत उतरवा. मग व्हीलचेअर वापरणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला दोन तास पाहुणे म्हणून बोलवा. जिथे त्यांची खुर्ची अडेल, तिथून कामाला सुरुवात करा.