धानाच्या गावात धंदा कोणता?

प्रश्न : आमगावजवळ राहते. घरचा धान आहे, हाताशी थोडे पैसे आहेत. कोणता धंदा करू?

उत्तर : ताई, राइस मिलचं मनात आणू नका, गोंदियात त्या पावलोपावली आहेत. मिलमधून निघणारी कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, बघा. अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त, पापडाला तितकीच चालते. पाच किलो आणा, दळा, पिठाची उकड काढून पापड घाला. वाळताना चिरा पडल्या तर उकड कच्ची राहिली समजा. अन्नसुरक्षा नोंदणी करून आठवडी बाजारात विका. नातेवाइकांचं कौतुक हिशेबात धरू नका. अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं, तरच धंदा वाढवा. कर्ज त्यानंतर. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान ठरलेलं आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. सध्या अर्ज घेतात का, हे कृषी कार्यालयात विचारा.