घड्याळ आजोबांचं, गप्पा कोणाच्या?

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आजोबांचं एचएमटी 'जनता' घड्याळ आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात होतं. चिखल उपसताना ते सापडलं. काचेच्या आत गढूळ पाणी होतं. पण त्या दिवसांत घड्याळाकडे बघायला कोणाला वेळ होता! ते एका डब्यात पडून राहिलं. मागच्या सुट्टीत मी ते बाहेर काढलं आणि त्याच्या दुरुस्तीच्या नादात एक वेगळाच प्रश्न समोर आला. छंदापायी इंटरनेटवर जमलेल्या माणसांची ती जागा नेमकी कोणाच्या मालकीची असते?

आधी घड्याळाविषयी थोडं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' हे त्यांचं चावीचं घड्याळ, सतरा ज्वेलचं. त्यात सेल नाही. चावी दिली की कमान आवळते, ती हळूहळू सुटते आणि तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच ठोके पडतात. (शाळा कॉन्व्हेंट असल्यामुळे मला मेनस्प्रिंग माहीत होतं, 'कमान' हा शब्द घड्याळवाल्या काकांनी शिकवला.) २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून सुटे भाग म्हणजे जुन्या घड्याळांतून काढलेले किंवा कोणाच्या डब्यात उरलेले.

महाडच्या बाजारपेठेतल्या काकांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, यंत्र होईल. कमान गंजलीय, ती बदलू. तबकडी मुंबईहून रंगवून आणू, एकदम नवी दिसेल." मला ते पटलंही होतं. पण घरी येऊन सहज नेटवर शोधलं आणि थांबले.

झालं असं, की जगभरातल्या घड्याळ जमवणाऱ्यांच्या बोलण्यात 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. आपल्याला अभिमान वाटावा असा नाही! जुन्या एचएमटी किंवा सेको घड्याळाची तबकडी भडक रंगात पुन्हा रंगवायची, चार घड्याळांचे भाग एकात बसवायचे आणि ते जुनं म्हणून परदेशी विकायचं, अशा मालाला ते हे नाव देतात. तो कसा ओळखायचा हे या लोकांनी वर्षानुवर्षं एकमेकांना शिकवलंय. अक्षरं जाड आणि कडेला पसरलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत, कंपनीने कधी काढलाच नाही असा रंग असतो. तबकडी पाण्याने धुऊ नये, छापील अक्षरं निघतात, हेही मी तिथेच वाचलं. आमच्या तबकडीवर देवनागरीत 'जनता' लिहिलंय. ती रंगवली असती तर आजोबांनी बघितलेली अक्षरं कायमची गेली असती.

हे ज्ञान कोणी पगार घेऊन लिहिलेलं नाही. कोणी रात्री जागून फोटो काढले, कोणी जुन्या जाहिराती जपून दाखवल्या. पण मला नेमकी हवी होती ती, आमच्यासारख्याच देवनागरी तबकडीची जुनी चर्चा उघडली तर सगळ्या चित्रांच्या जागी करड्या चौकटी! मजकुरात "खालच्या फोटोत बघा" असं होतं आणि खाली काहीच नव्हतं. म्हणून मग हे सगळं चालतं कसं ते वाचायला घेतलं.

सुरुवात साधारण सारखीच असते. एखादा शौकीन स्वतःच्या खिशातून सर्व्हरचं भाडं भरून चार लोकांसाठी जागा उघडतो. चाराचे चार लाख होतात. भाडं वाढतं, भांडणं सोडवावी लागतात, फुकट्या जाहिराती रोज पुसाव्या लागतात. तो माणूस थकतो आणि तेवढ्यात कोणीतरी चेक घेऊन येतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण मी त्याच्या जागी असते तर मीही विकलं असतं. टोरांटोच्या व्हर्टिकलस्कोप नावाच्या कंपनीचा तर धंदाच हा. गाड्या, मासेमारी, घड्याळं अशा छंदांच्या हजाराहून जास्त जागा तिच्याकडे आहेत. घड्याळवाल्यांची प्रसिद्ध 'वॉचयूसीक' ही त्यातलीच. २०१५ मध्ये टोरांटो स्टार वर्तमानपत्राच्या मूळ कंपनीने तिच्यात ५६ टक्के हिस्सा घेतला तो २० कोटी कॅनडियन डॉलरला, आणि २०२१ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. आता हे पैसे कशाचे? ऑफिसचं फर्निचर इतकं महाग नसतं. किंमत होती सभासदांनी लिहिलेल्या मजकुराची आणि तो वाचायला रोज येणाऱ्या माणसांची. 'कुठला पट्टा घेऊ' असं विचारणारा माणूस खिशात हात घालूनच उभा असतो. जाहिरातदाराला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

शिवाय नावं, ईमेल, पासवर्ड एकाच घरात गोळा झाल्याचा धोका वेगळा. २०१६ मध्ये याच कंपनीच्या जागांवरच्या सुमारे साडेचार कोटी खात्यांची माहिती फुटल्याची बातमी होती.

दुसरा प्रकार मला जास्त अवघड वाटतो. मालक स्वतःच त्या वस्तूचा विक्रेता असला तर? घड्याळांवर लिहिणारं 'होडिंकी' २००८ मध्ये एका माणसाचा नाद म्हणून सुरू झालं. २०२४ मध्ये ते वॉचेस ऑफ स्वित्झर्लंड या घड्याळविक्रीच्या मोठ्या कंपनीने घेतलं. आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं, फक्त छंद गाड्यांचा. २००४ पासून चाललेली टीम-बीएचपी २०२५ मध्ये कार्स२४ ने, म्हणजे जुन्या गाड्या खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीने विकत घेतली. जुनी गाडी घेताना काय तपासावं हे लोक जिथे विचारायचे ती जागा आता जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आहे. तिथे आज कोणी खोटं लिहितंय असं मी अजिबात म्हणत नाही. पण 'तबकडी रंगवू नका' असा सल्ला देणाऱ्या जागेचा मालक उद्या तबकड्या रंगवणारा झाला, तर तो सल्ला वाचताना माझ्या मनात शंका येईलच ना?

आणि काही जागा तर सरळ बंदच होतात. गुगलने ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं. याहू ग्रुप्सचा जुना मजकूर पुसणार असं २०१९ मध्ये जाहीर झालं आणि १५ डिसेंबर २०२० ला तेही संपलं. २०१७ मध्ये फोटोबकेटने इतरत्र दाखवल्या जाणाऱ्या चित्रांसाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा हजारो जुन्या चर्चांतली चित्रं एका फटक्यात गेली.

मी हे सगळं घरी सांगत होते तेव्हा आजोबा म्हणाले, "मग गाळा बरा होता की."

गाळा म्हणजे काय हे आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या मुलांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गिरणीत काम करायला गेलेल्या माणसांनी गावातर्फे लालबाग-परळला एक खोली घेतलेली असायची. गावचा माणूस मुंबईला उतरला की वळकटी घेऊन थेट तिथे. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, महिन्याला वर्गणी द्यायची. आजोबा १९८२ च्या संपापर्यंत तिथेच राहिले, आणि 'जनता' त्यांनी तिथे असतानाच घेतलं. वर्गणीची वही होती, शिमग्याला गावी सगळ्यांसमोर हिशेब वाचायचे. अशी बरीच ग्रामस्थ मंडळं १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहेत. अशा नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत अध्यक्षाच्या मनात आलं म्हणून विकता येत नाही, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. चार लाख सभासदांच्या जागेला असला काही अडसर नाही. बहुतेक ठिकाणच्या अटींत लिहिलेलं असतं की मजकूर तुमचाच, पण तो वापरायचा कायमचा परवाना आमचा. म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव आणि पीक दुसऱ्याचं!

गाळा म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. हिशेबावरून मारामारीपर्यंत भांडणं व्हायची, हे आजोबाच सांगतात. दुसऱ्या गावच्याला जागा नाही, आणि बायकांना तर नाहीच. आजीने ती खोली एकदाही पाहिली नाही. घड्याळवाल्यांच्या त्या परक्या जागेत मात्र मला कोणी गाव विचारलं नाही की मुलगी असून हे कशाला असंही म्हटलं नाही.

दोन्हींचं चांगलं एकत्र करता येतं याचा एक नमुना विकिपीडिया आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो ना-नफा संस्था चालवते आणि मजकुराचा परवाना असा आहे की उद्या संस्था बुडाली तरी कोणीही सगळा मजकूर उचलून दुसरीकडे मांडू शकतो, फक्त श्रेय द्यायचं आणि परवाना तोच ठेवायचा. घड्याळाच्या गप्पांना हे का चालू नये, मला कळत नाही. कदाचित सर्व्हरचं भाडं कोणी भरायचं यावरच गाडी अडत असेल.

सध्या मी एवढंच केलंय की कामाच्या चर्चा चित्रांसकट पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्यात आणि काकांच्या दुकानात बसून एक वही भरतेय. त्यांच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एचएमटीची सतरा-अठरा यंत्रं आहेत, त्यातल्या एकाची कमान आमच्या घड्याळात बसली. तबकडी आम्ही रंगवली नाही. कडेला पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग तसाच आहे, 'जनता' वाचता येतं. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. आजोबा रोज सकाळी चावी देताना ते रेडिओवर लावून घेतात.